पंचवीस रुपये ते तीन लाख : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि उच्च शिक्षणाचा खर्च

दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागात २६, अलीपूर रोड या जागी आज उघड्या पुस्तकाच्या आकाराची एक वास्तू उभी आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे या जागेवरील घरात गेली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. राजधानीतील मराठी कुटुंबे मुलांना घेऊन तेथे जातात, तेव्हा संविधानाची, चवदार तळ्याची, धम्मदीक्षेची कथा आवर्जून सांगितली जाते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर ही पदव्यांची मालिकाही मुलांना तोंडपाठ असते. त्या पदव्यांचे पैसे कोणी दिले, किती दिले, कोणत्या अटींवर आणि किती दिवसांसाठी दिले, ही हकीकत मात्र सहसा सांगितली जात नाही. बारावीचा निकाल हाती आल्यावर महाविद्यालयाच्या फीचा आकडा पाहून विचारात पडणाऱ्या घराला खरे तर तीच हकीकत अधिक जवळची आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर दापोली, सातारा असा मुक्काम करीत हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत येऊन राहिले. सुभेदारांना सुमारे पन्नास रुपये निवृत्तिवेतन होते. त्यात एवढ्या माणसांचा संसार आणि दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागणे शक्य नव्हते. शिक्षणावर निष्ठा असलेल्या या पित्याने मग एक कठीण निवड केली. थोरल्या मुलाने नोकरी धरायची आणि धाकट्याने शिकायचे. भीमरावाने एखादे पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले की सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना मागून आणत, तो सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक विकत घेत आणि निवृत्तिवेतन आले की दागिना सोडवून परत नेऊन देत. बाबासाहेबांच्या शिक्षणाला मिळालेले पहिले अर्थसाहाय्य ते हेच, आणि ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे इतके दुर्मीळ होते की त्याप्रीत्यर्थ एक सत्कारसभा भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. त्या सभेत विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. केळुसकरांची आणि या मुलाची ओळख त्याआधीच चर्नी रोडच्या बागेत झाली होती. शाळा सुटल्यावर एकटाच वाचत बसणाऱ्या मुलाची त्यांनी आपण होऊन चौकशी केली आणि त्याला पुस्तके आणून देऊ लागले. ते त्याच्या शाळेचे शिक्षक नव्हते, त्याच्या जातीचे नव्हते, आणि त्या मुलाचे पुढे काय होणार याची त्यांना कल्पना असण्याचे काही कारणही नव्हते. चरित्रग्रंथांत केळुसकरांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरची परीक्षा झाली आणि सुभेदारांची शक्ती संपली. हुशार मुलांचे शिक्षण नेमके या टप्प्यावर खुंटते. प्रवेश मिळालेला असतो, पहिली एक-दोन वर्षे कशीबशी निभावलेली असतात आणि मग घरचा पैसा आटतो. केळुसकरांनी त्या वेळी जे केले त्याला आज शिफारस असे कोरडे नाव आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी थोड्याच काळापूर्वी मुंबईतील एका सभेत, अस्पृश्य समाजातील लायक विद्यार्थ्याला आपण शिक्षणासाठी साहाय्य करू, असे जाहीर केले होते. सभेत दिलेली अशी आश्वासने बहुधा सभेतच राहतात. केळुसकरांनी ते लक्षात ठेवले, महाराजांना त्याचे स्मरण दिले आणि विद्यार्थ्याला घेऊन त्यांच्या भेटीस गेले. महाराजांनी भीमरावांना स्वतः काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या जवळपास निम्मी ही रक्कम. तिने फी आणि गरजेचा खर्च भागला; प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन उरलेली उणीव काही अंशी भरून काढली. तरीही महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक या विद्यार्थ्याला चहा तर राहोच, पाणीदेखील देत नसे. शिष्यवृत्तीने वर्गाचे दार उघडते; दाराच्या आतील सगळेच काही तिच्या ताब्यात नसते. १९१२ साली इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन भीमराव बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेच्या स्टेशनवर उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांचा अखेरचा श्वास तेवढा उरला होता. लेकींचे दागिने गहाण टाकून ज्यांनी हे शिक्षण उभे केले, त्यांना त्याचे पुढचे फळ पाहता आले नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचे ठरविले. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्याच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत त्यांनी करारावर सही केली. हा करार बारकाईने पाहण्यासारखा आहे. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची सेवा करायची. म्हणजे ती निखळ देणगी नव्हती आणि कर्जही नव्हते. पैशाच्या मोबदल्यात आयुष्याची दहा वर्षे लिहून दिलेली होती. आज अनेक घरांत प्रवेशाच्या गडबडीत आई-वडील जेथे सांगितले तेथे सही करून मोकळे होतात. साहाय्य परत करायचे की नाही, करायचे तर केव्हापासून, अभ्यासक्रम मध्येच बदलला तर काय, मुदत संपली आणि पदवी हाती आलेली नसली तर काय, हे प्रश्न त्या वेळी विचारायचे राहून जातात. बावीस वर्षांच्या भीमरावांनी ज्या अटींवर सही केली, त्यांतील प्रत्येक अट पुढील चार वर्षांत त्यांच्या आयुष्यात येऊन उभी राहिली.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. काही काळ विद्यापीठाच्या वसतिगृहात, मग विद्यार्थ्यांच्या एका क्लबात आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांनी मुक्काम केला. तेथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या सोबत राहत होता. ही मैत्री जन्मभराची ठरली; या हकिकतीत भथेनांचे नाव पुन्हा येणार आहे. साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कचा खर्च, आणि त्यातूनच मुंबईला रमाबाईंना पैसे पाठवायचे. शिष्यवृत्ती ठरविणारा माणूस विद्यार्थ्याचा खर्च मोजतो. विद्यार्थ्याच्या मागे राहिलेले घर त्याच्या हिशेबात नसते. तो हिशेब रमाबाईंनी मुंबईच्या चाळीत काटकसरीने आणि कित्येकदा उपासमारीने पुरा केला. नाटक, सहली, मेजवान्या यांपासून भीमराव दूर राहिले. पैसे उरले की जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी तेथे जमविल्याचे चरित्रकार सांगतात.

१९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधावर त्यांना एम.ए. मिळाली. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. पुढचा मोठा प्रबंध तयार झाला आणि शिष्यवृत्तीची तीन वर्षे पुरी होत आली. भीमरावांची आकांक्षा मात्र तेवढ्याने पुरी होणारी नव्हती. त्यांना लंडनमध्ये अर्थशास्त्राची पदवी हवी होती आणि बॅरिस्टरही व्हायचे होते. त्यांनी मुदतवाढ मागितली. ती मिळाली, पण पुरेशी नव्हे. १९१६ मध्ये त्यांनी ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा दोन्ही ठिकाणी नाव घातले. वर्ष संपते न संपते तोच मुदत संपल्याचे बडोद्याहून कळविण्यात आले. अभ्यास अर्धा टाकून परतणे भाग होते.

या प्रसंगी त्यांनी निघण्यापूर्वी एक गोष्ट केली, जी अडचणीतल्या विद्यार्थ्याला सहसा सुचत नाही. त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी मिळविली. शिक्षण सोडणे आणि शिक्षण थांबविणे यांत हा एवढ्या कागदाचा फरक असतो. तो कागद नसता तर डी.एस्सी. ही पदवी त्यांच्या नावापुढे लागली असती किंवा नाही, हे सांगता येत नाही.

महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या जहाजाने पाठविलेले होते आणि ते जहाज पाणतीराने बुडाले. पोट मारून जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये भीमराव मुंबईला उतरले, ते करारातील दहा वर्षांची सेवा डोळ्यांसमोर ठेवून. बडोद्याला जाण्याच्या भाड्याचीही सोय नव्हती. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले, त्यातून प्रवासाचा खर्च निघाला आणि उरलेले रमाबाईंच्या हाती देता आले.

बडोद्यातील पुढचे दिवस सर्वश्रुत आहेत. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर दुरून कागद फेकत. राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांच्या घरीही आसरा मिळाला नाही. बागेत झाडाखाली बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. करार एका पक्षाने लिहिला होता आणि दुसऱ्याने पाळायला घेतला होता. पण संस्थानाने ज्याला कोलंबियात शिकविले, त्याला आपल्या राजधानीत छप्पर देणे त्याच्या व्यवस्थेला जमले नाही. सयाजीरावांचा यात वैयक्तिक दोष मानता येत नाही, आणि बाबासाहेबांनीही तो कधी मानला नाही. मात्र शिष्यवृत्ती देणाऱ्याची जबाबदारी पदवीपाशी संपत नाही, हे त्या अकरा दिवसांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

मुंबईत शिकवण्या, सल्लागाराचा व्यवसाय असे प्रयत्न झाल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा सुमारे साडेचारशे. वेतन वाढले तरी राहणी तीच ठेवली, कारण लंडनच्या चार वर्षांची मुदत मनात मोजली जात होती. १९२० मध्ये कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्यांच्या आयुष्यात आले. ‘मूकनायक’ पाक्षिकाला महाराजांनी मदत केली आणि लंडनच्या शिक्षणालाही हातभार लावला. तरीही पैसे कमी पडत होते. तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉलमधील मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. स्वतःची बचत, राजाचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज अशी तीन ठिकाणची पुंजी घेऊन जुलै १९२० मध्ये भीमराव लंडनला निघाले. या वेळी कोणाची सेवा लिहून दिलेली नव्हती. कर्ज होते, पण ते फेडल्यावर माणूस मोकळा होता. पहिल्या प्रवासाचा अनुभव घेतलेल्या माणसाने दुसऱ्या प्रवासासाठी साहाय्याचा प्रकार बदलला, असे म्हणायला हरकत नाही.

लंडनमधील दिवस अर्धपोटी गेले. सकाळी थोडे खाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे, ते बंद होईपर्यंत तेथेच बसायचे, दुपारचे जेवण वाचवायचे. रात्री उशिरा भूक असह्य झाली की मुंबईहून नेलेले पापड भाजून खायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला, मध्ये काही महिने जर्मनीतील बॉन येथे गेले, बॅरिस्टरीची परीक्षाही पुरी झाली. परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचविले तेव्हा लंडनमध्ये राहण्यापुरते पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, येथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठविला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टर झालेल्या माणसाकडे वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे नव्हते. पुन्हा भथेना धावून आले.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची गोष्ट याहून बोलकी आहे. प्रबंध १९१६ च्या सुमारास तयार होता. त्या विद्यापीठाच्या नियमानुसार पदवीसाठी प्रबंध छापून सादर करावा लागे. छपाईला पैसे हवेत. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. बुद्धी आणि श्रम यांत काही उणे नसताना केवळ छपाईच्या खर्चाअभावी एक पदवी दशकभर अडून राहिली. फी भरली म्हणजे खर्च संपला असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिक्षणातील सर्वांत अडचणीचे खर्च फीच्या पावतीत नसतात. बाबासाहेबांनी तो ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला.

येथवरचा माणूस साहाय्य घेणारा आहे. यापुढे तो दुसऱ्या बाजूला जातो, आणि त्याचे तेथील वागणे पहिल्या बाजूच्या अनुभवाने घडलेले आहे. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या आरंभी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. बडोद्यात छपरासाठी वणवण केलेल्या माणसाने आधी वसतिगृह उघडावे, यात नवल नाही. खेड्यातील मुलाला फी माफ झाली तरी तालुक्याच्या गावी खोली कोण देणार, हा त्या काळी फीपेक्षा मोठा प्रश्न होता. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. त्या समितीच्या शिफारशींत शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांना महत्त्वाचे स्थान मिळाले.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ते दिल्लीला आले. पृथ्वीराज रोडवरील सरकारी बंगल्यात बिऱ्हाड थाटले. मजूर खात्याचा व्याप मोठा होता. कामगार कायदे, वीज, पाटबंधारे यांत त्यांनी केलेले काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु नेमणुकीनंतर चार महिने पुरे होण्याआधीच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यातील शिक्षणविषयक भाग हा खरे पाहता एक अर्जच आहे, आणि अर्ज कसा लिहावा याचा वस्तुपाठही.

त्यात हळहळ नाही. आधी वस्तुस्थिती मांडली आहे. कला आणि कायदा या शाखांचे पदवीधर समाजात थोडेफार निर्माण होऊ लागले आहेत, विज्ञान आणि तंत्रशिक्षण मात्र आवाक्याबाहेर आहे, कारण ते महाग आहे. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाने आपल्या विषयांचा मोह बाजूला ठेवून हे लिहिले. मग दाखला : बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देतच आहे, म्हणजे विशिष्ट समाजाच्या उच्च शिक्षणाला मदत करणे हे सरकारच्या धोरणात बसते. आणि शेवटी नेमकी मागणी : देशातील संस्थांत विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपये, परदेशी विद्यापीठांतील शिक्षणासाठी एक लाख रुपये, धनबादच्या खाणविद्येच्या संस्थेत जागा, सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे उमेदवारीची सोय. कोणाला, कशासाठी, किती, कोठे, हे चारही प्रश्न विचारले जाण्यापूर्वी उत्तरे दिलेली आहेत. या मागणीमागील त्यांचा विचार स्पष्ट होता. केवळ साक्षरता वाढवून समाजाची स्थिती पालटणार नाही. निर्णय जेथे होतात त्या मोक्याच्या जागांवर आपली माणसे पोहोचली पाहिजेत आणि तेथवर जाण्याचा मार्ग उच्च शिक्षणातून जातो. प्राथमिक शिक्षण आधी की उच्च शिक्षण आधी, या वादात ही भूमिका सर्वांना पटली नव्हती. तिच्यामागे मात्र आयुष्याचा पुरावा होता.

सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. परदेशी शिक्षणासाठीही विद्यार्थी पाठविले गेले. पहिल्या योजनेशी, म्हणजे बडोद्याच्या शिष्यवृत्तीशी, हिची तुलना करावीशी वाटते. तेथे एका उदार राजाची मर्जी होती आणि त्या मर्जीपर्यंत पोहोचविणारा एक केळुसकर लागला. येथे नियम होते, अंदाजपत्रकात रक्कम होती, अर्ज होता. कोणत्याही गावातील विद्यार्थ्याला, त्याला कोणी केळुसकर भेटो अगर न भेटो, तो अर्ज करता येणार होता. उपकाराचे रूपांतर हक्कात झाले. १९४८-४९ मध्ये ही योजना अनुसूचित जमातींना आणि त्यापुढील वर्षी इतर मागास वर्गांना लागू झाली.

दिल्लीचे पद सांभाळत असतानाच ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे. रमाबाईंच्या वाट्याला जे आले ते इतर घरांच्या वाट्याला येऊ नये, असा विचार या वेळापत्रकामागे होता की नाही हे कोणी लिहून ठेवलेले नाही. घर चालवीत शिकणाऱ्याची सोय त्यात होती एवढे खरे. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून पायी आलेल्या मुलांच्या पिढ्या तेथे शिकल्या.

स्वातंत्र्यानंतर ते कायदामंत्री झाले, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्याची आहे, हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ४६ मध्ये आले. १९५१ मध्ये मद्रासमधील प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय लागल्यावर पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम घालण्यात आले आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळीही कायदामंत्री तेच होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि सरकारी निवासस्थान सोडून ते अलीपूर रोडला राहायला आले. प्रकृती खालावलेली होती, मधुमेहाने पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. लेखन आणि वाचन चालू होते. पाणतीराने बुडालेल्या ग्रंथांच्या कितीतरी पट ग्रंथ एव्हाना त्यांच्या संग्रही होते.

त्यांनी १९४२ मध्ये मागितलेली गोष्ट आज बरीच पसरली आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला महाराष्ट्रात भारत सरकार शिष्यवृत्ती या नावाने घरोघरी ओळखतात. केंद्र आणि राज्य यांनी साठ-चाळीस या प्रमाणात तिचा खर्च उचलायचा असतो, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. परदेशी शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच, सुरू झाली. इतर समाजांतील गरजू मुलांसाठीही निरनिराळ्या योजना आहेत, आणि त्यांतील पैसा केवळ वेळेत अर्ज न झाल्याने किंवा उत्पन्नाचा दाखला जुना निघाल्याने अनेकांच्या हातून निसटतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र, खात्याचा तपशील, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज : यांतील एकही कागद कठीण नाही, पण प्रत्येकाला तारीख असते. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांपुढे आणखी एक पेच असतो. दाखला मूळ गावच्या तहसिलीतला आणि वास्तव्य येथले, तेव्हा अर्ज कोणत्या राज्याकडे करायचा हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे लागते. ऐन जुलैत ते कळले तर गावी जाऊन येण्यातच मुदत निघून जाते.

या योजनेच्या नावात अजूनही मॅट्रिक हा शब्द आहे. ती परीक्षा त्या नावाने आता फारशी कोणी देत नाही, आणि अर्ज भरणाऱ्या पुष्कळ मुलांना त्या शब्दाचा अर्थही विचारावा लागतो. परळच्या चाळीतील एका मुलासाठी १९०७ साली त्या परीक्षेनंतर सभा भरली होती.